उंची दोन इंच, हिशोब अंशांचा

सुझुकी जिम्नीच्या पुढच्या स्प्रिंगा काढून ५० मिलिमीटर उंच स्प्रिंगा बसवायला हात बसलेल्या मेकॅनिकला अर्धा दिवस पुरतो. गाडीचं पोट उंच होतं आणि मोठ्या टायरला जागा मिळते. (डिफरन्शियलचा, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गिअरपेटीचा, गोळा मात्र जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठा हवा.) मग गाडी हायवेला लागते आणि तक्रारी सुरू होतात. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही, वेगात गाडी जरा भरकटते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं. दोष बहुतेक वेळा नव्या स्प्रिंगांवर ढकलला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो.

जिम्नीला पुढे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच सलग दांड्यावर. स्प्रिंगा फक्त वजन पेलतात. ॲक्सलला जागेवर धरायचं काम तीन दांड्यांचं आहे: मागून पुढे येणारे दोन लिंक आर्म आणि एक आडवा पॅनहार्ड रॉड. प्रत्येक दांडीचं एक टोक चासीला, दुसरं ॲक्सलला. त्यामुळे ॲक्सल खाली-वर होताना सरळ रेषेत जाऊच शकत नाही. कंपासच्या पेन्सिलीसारखा तो वर्तुळाच्या कंसावर फिरतो. कारखान्यात त्या कंसावरची एक जागा नीट विचार करून निवडलेली असते. लिफ्ट किट, म्हणजे उंच स्प्रिंगांचा हा संच, ती जागा बदलतं.

आधी आडवा रॉड घेऊ, कारण त्याचं गणित शाळेतल्या पायथागोरसने सुटतं. समजा रॉड ८०० मिलिमीटर लांब आहे आणि अगदी आडवा आहे. ॲक्सल ५० मिलिमीटर खाली गेला तर आडव्या दिशेतली लांबी दीड-पावणेदोन मिलिमीटरनेच घटते, म्हणजे काहीच नाही. पण रॉड मुळातच तिरका असेल, त्याच्या दोन टोकांच्या उंचीत आधीच १०० मिलिमीटरचा फरक असेल, तर त्याच ५० मिलिमीटरला जवळपास ८ मिलिमीटर मोजावे लागतात. रॉड चासीला ज्या बाजूला अडकवला आहे, त्या बाजूला अख्खा ॲक्सल तेवढा सरकतो. लिफ्ट दुप्पट केली की सरकणं दुपटीहून जास्त होतं. दोन इंचांवर निभावून नेलेली गाडी चार इंचांवर अंगावर येते ती यामुळे.

हे पाहायला लेझर लागत नाही, गवंड्याचा ओळंबा पुरतो. गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ. चासीवर दोन्ही बाजूंना सारख्या जागी दोरी धरायची आणि रिमपर्यंतचं अंतर मोजायचं. डावीकडे ६२ आणि उजवीकडे ४६ मिलिमीटर आलं, तर फरक १६ आणि ॲक्सल सरकलाय त्याच्या निम्मा, ८. मूळ रॉडच्या जागी लांबी बदलता येणारा रॉड घालून तो तेवढा लांबवायचा, पुन्हा मोजायचं, मगच लॉकनट आवळायचा.

लिंक आर्मचा परिणाम जास्त त्रासदायक. हे आर्म ॲक्सलला दोन-दोन बुशांनी (सांध्यातल्या रबरी बाह्यांनी) घट्ट धरतात, त्यामुळे आर्म खाली कलला की ॲक्सलही तेवढाच गोल फिरतो. आर्म ७०० मिलिमीटरचा धरला तर ५० मिलिमीटरच्या लिफ्टला हे फिरणं सुमारे ४ अंशांचं होतं. ॲक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कॅस्टर तेवढा कमी होतो. चाक ज्या अक्षाभोवती वळतं त्याचा मागे असलेला कल म्हणजे कॅस्टर. या कलामुळे तो अक्ष खाली वाढवला तर टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला भेटतो. टायर असा मागून ओढला जात असल्यामुळेच तो आपणहून सरळ होतो. जिम्नीच्या १९५/८० आर १५ टायरची त्रिज्या सुमारे ३४६ मिलिमीटर, म्हणजे कॅस्टरचा प्रत्येक अंश या अंतरात ६ मिलिमीटरची भर घालतो. ४ अंश गेले की २४ मिलिमीटर गेले. भरकटणाऱ्या स्टिअरिंगचं मूळ इथे आहे. त्यावर जाड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा शॉक ॲब्सॉर्बर) लावून देणाऱ्यांचं मला काही पटत नाही. थरथर दबते, कारण तसंच राहतं.

कॅस्टर परत आणायला भोक मध्यापासून सरकवलेले बुश मिळतात, वेगळ्या कोनाचे आर्म मिळतात, किंवा आर्मचं चासीकडचं टोक ब्रॅकेट लावून खाली घेता येतं. ब्रॅकेट लावला की तोच दगडाला अडकतो. शिवाय एक पेच उरतोच. ॲक्सल मागे फिरवून कॅस्टर मिळवला की डिफरन्शियलचं मागे बघणारं तोंड खाली जातं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (इंजिनाची ताकद डिफरन्शियलपर्यंत नेणाऱ्या दांड्याच्या) जॉइंटचा कोन वाढतो. साधा क्रॉस जॉइंट २० अंशांवर फिरत असेल, तर त्याच्या पलीकडच्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सुमारे ६ टक्क्यांनी वर-खाली होतो. दोन टोकांच्या जॉइंटचे कोन जुळले नाहीत, तर ही धडधड फ्लोअरमधून पायाला कळते. म्हणून जाणते लोक कॅस्टर पूर्ण परत मागत नाहीत, गाडी सरळ चालेल इतकाच घेतात.

स्टिअरिंग बॉक्सकडून चाकांकडे येणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंकही आता जास्त तिरका झालेला असतो. स्टिअरिंग तिरकं होतं ते त्यामुळे. त्याची लांबी जुळवायची, पण सगळ्यात शेवटी. हा लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर असावे लागतात, म्हणजे दोघांचे कंस जुळतात. एकालाच ब्रॅकेट लावून खाली घेतलं, तर प्रत्येक खड्ड्यात गाडी स्वतःच वळायला बघते.

नाशिकच्या कारखान्यातून येणाऱ्या २०२०नंतरच्या थारचं प्रकरण वेगळं. तिला पुढे अखंड ॲक्सल नाही, पुढचं प्रत्येक चाक वर-खाली दोन विशबोनवर (इंग्रजी व्ही आकाराच्या आर्मवर) स्वतंत्र आहे. इथे ॲक्सल बाजूला सरकत नाही, पण कॅम्बर (समोरून दिसणारा चाकाचा आत-बाहेर कल) आणि टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत की बाहेर) दोन्ही बिघडतात. किती आणि कुठल्या बाजूला, हे आर्मची लांबी, मूळ कल आणि स्टिअरिंग रॅकची जागा यावर ठरतं. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या टोकांचे जॉइंट वाढीव कोनात फिरतात आणि त्यांचे रबरी बूट लवकर चिरतात.

बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पक्के आवळू नयेत. रबर त्या लटकत्या अवस्थेतच पकडलं जातं आणि चाकं टेकली की कायमचं पिळलेलं राहून फाटतं. आधी हातानेच लावायचे, गाडी खाली घेऊन दोन-चार वेळा दाबायची, मग पाना. ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी इलेक्ट्रॉनिक सिस्टीम) असेल, तर स्टिअरिंग सरळ केल्यावर त्याच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणून घ्यायचा, नाहीतर गाडी सरळ जात असताना ती वळतेय अशी सिस्टीमची समजूत होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ नोंदणीशी विसंगत बदल करता येत नाही, तेव्हा आरटीओचा प्रश्न किट मागवायच्या आधीच विचारून ठेवावा. नव्या स्प्रिंगा सुरुवातीच्या वापरात थोड्या बसतात, उंची उतरते आणि वरचे सगळे कोन पुन्हा हलतात. त्यामुळे काही आठवड्यांनी दुसरं अलाइनमेंट करावं लागतं. त्याचे पैसे पहिल्याच अंदाजात धरलेले बरे.