महाधनेश की मलबारी कवड्या धनेश?

सह्याद्रीच्या दक्षिण भागातील पावसाळी जंगलात, विशेषतः दांडेलीला काळी नदीच्या काठी, महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे दोन्ही पक्षी आढळतात, आणि फळांनी लदलेल्या उंबरावर किंवा वडावर बसलेला पक्षी यांपैकी कोणता, हा प्रश्न नवख्या निरीक्षकाला हमखास पडतो. दोघेही काळे-पांढरे, दोघांचीही चोच मोठी व पिवळसर, आणि दोघांच्याही चोचीवर शिरस्त्राण, म्हणजे टोपासारखा उंचवटा.

नजर प्रथम या शिरस्त्राणाकडेच जाते, परंतु माझ्या मते ओळखीची सुरुवात तिथून करू नये. महाधनेशाचे शिरस्त्राण पिवळे व वरून सपाट असते आणि कवड्याच्या शिरस्त्राणावर मोठा काळा डाग असतो, हे खरे. मात्र लहान वयाच्या पक्ष्यांत ते पुरते वाढलेले नसते, आणि दाट पानोळ्यातून ते नीट दिसतही नाही. आकाराचेही तसेच आहे. महाधनेश सुमारे एक मीटर लांब, तर कवड्या साधारण 65 सेंटीमीटर. पण उंच झाडावर एकटाच बसलेला पक्षी पाहून हा फरक ठरवणे कठीण असते.

त्याऐवजी मान पाहावी. महाधनेशाची मान पिवळसर पांढरी असते. हा पिवळेपणा शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतील तेल पक्षी चोचीने पिसांना लावतो त्यामुळे येतो. कवड्याची मान आणि छाती काळीभोर असते. पक्षी उडाला तर निर्णय आणखी सोपा होतो, कारण महाधनेशाच्या काळ्या पंखावर मधोमध रुंद पिवळसर-पांढरा पट्टा असतो, तर कवड्याच्या पंखाची फक्त मागची कड पांढरी असते. महाधनेशाच्या पांढऱ्या शेपटीवर एक आडवा काळा पट्टा असतो. कवड्याच्या शेपटीची मधली पिसे काळी आणि बाजूची पांढरी असतात.

अधिवासाचा आधार दुय्यम मानावा. महाधनेशाला सदाहरित जंगलातील जुने, पोकळ झालेले वृक्ष लागतात; कवड्या पानझडी जंगलात, नदीकाठच्या झाडीत आणि कोकणातील देवरायांतही दिसतो आणि काजऱ्याची फळेही खातो.

विणीच्या हंगामात दोन्ही जातींच्या माद्या ढोलीत स्वतःला बंद करून घेतात आणि त्यांचे पोट नरावरच अवलंबून असते. जवळ माणसे दिसली की नर ढोलीकडे यायला कचरतो, म्हणून त्या काळात ओळख पटवायची ती फळझाडाखाली, ढोलीपासून दूर राहूनच.