मटणाच्या खिम्यात दुसरं मांस? डीएनए तपासणीसाठी अर्ज कसा करायचा

आधी एक ठरवा: फक्त स्वतःची शंका फेडायची आहे, की विक्रेत्यावर कारवाई व्हायला हवी?

शंकाच असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा पुरते. मात्र त्यांच्या मान्यतेत 'प्राणी-प्रजाती ओळख' ही चाचणी आहे ना, हे विचारून घ्या. या रिपोर्टवर दुकानदाराला दंड होईल, अशी आशा धरू नका. तो नमुना तुम्ही घेतलेला असतो.

कारवाईसाठी अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ मधलं कलम ४० आहे. कोणताही ग्राहक शुल्क भरून शासकीय अन्न विश्लेषकाकडून तपासणी मागू शकतो, आणि रिपोर्ट विक्रेत्याच्या विरोधात गेला तर शुल्क परत मिळतं. अट एकच, पण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं: तपासणी करून घेणार आहे, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. आधी सांगून ठेवलं तर तो चांगलाच माल देणार, हे उघड आहे! म्हणून मला दुसरा रस्ता जास्त कामाचा वाटतो. अन्न व औषध प्रशासनाच्या तुमच्या जिल्ह्यातल्या कार्यालयात लेखी तक्रार द्या. अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतात, त्याचे चार भाग करून सील करतात, आणि विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल देणं अपेक्षित असतं. दुकानात जाऊन हुज्जत घालू नका, चार माणसं तर मुळीच जमवू नका.

अर्जासोबत बिल, ओळखपत्राची प्रत, पाकिटाचे आणि लेबलचे फोटो, बॅच नंबर जोडा. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर १४ अंकी एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) क्रमांक बंधनकारक आहे. तो नसेल तर तेही तक्रारीत लिहा.

खासगी तपासणीसाठी कच्चा तुकडा स्वच्छ पिशवीत बंद करून गोठवा आणि बर्फातच पोहोचवा. फॉर्मेलिन लावू नका, त्याने डीएनए खराब होतो. शिजवलेला कबाबही चालतो. पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागांच्या) डीएनएच्या शेकडो प्रती असतात, त्यामुळे शिजवताना डीएनएचे तुकडे झाले तरी पीसीआरला (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखणारी चाचणी) ओळखण्याइतके शिल्लक राहतात. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत (पूर्वीचं राष्ट्रीय मांस संशोधन केंद्र) अशी प्रजाती-तपासणी होते.

रिपोर्टमध्ये नुसतं 'आढळले' असेल तर प्रमाण विचारा. खिम्याचं मशीन नीट न धुता दोन्ही मांसांना वापरलं, तरी पीसीआरला अंश सापडतो. भेसळ म्हणायची तर आकडा हवा.