बरगे (कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे)

पावसाळ्यानंतर नदीचे पाणी अडवण्यासाठी बंधाऱ्याच्या खांबांमधील खाचांत एकावर एक बसवलेल्या आडव्या फळ्या म्हणजे बरगे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी व चिक्कोडी तालुक्यांत दूधगंगा, वेदगंगा आणि कृष्णेवर असे बंधारे आहेत. जत्राट–भिवशी, सिदनाळ–अक्कोळ, मलिकवाड–दत्तवाड, कल्लोळ–यडूर ही त्यांतली परिचित नावे. त्यांच्यावरूनच रस्ता जातो. पुरात बंधारा बुडाला की पलीकडच्या गावाला वळसा घालून जावे लागते.

जलपाशाची, म्हणजे कालव्यात नावा वर-खाली नेणाऱ्या कोंडाची, दुपाखी दारे पाण्याच्या दाबाने एकमेकांवर रेटली जाऊन घट्ट बसतात. बरगाही दाबानेच खाचेच्या मागच्या अंगाला चिकटतो, पण जोडीदाराचा आधार त्याला नाही. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईप्रमाणे तो एकटाच वाकण्याला तोंड देतो. ३ मीटर पाणी अडवले तर दर मीटर रुंदीमागे सुमारे ४.५ टन भार येतो, तोही तळाकडे जास्त. गाळा, म्हणजे दोन खांबांमधली मोकळी जागा, २ मीटरचा धरला, तर तळाच्या ३० सेंमी. उंच बरग्यावर १.७ टन येतात. गाळा दुप्पट केल्यास वाकवणारा जोर चौपट होतो. म्हणून गाळे अरुंद आणि खांब पुष्कळ.

जुन्या रचनेत लाकडी बरग्यांच्या दोन रांगा लावून मधे चिकणमाती ठासत. लोखंडी बरग्यांना रबरी पट्टी असते. ती फाटली की फटींतून चिळकांड्या उडतात आणि पोती, चिंध्या कोंबून वेळ भागवली जाते. गळतीची ओरड मोठी असली, तरी बंधाऱ्याला खरा धोका बरगे वेळेवर न निघण्याचा असतो. साधारण ऑक्टोबरपासून ते घालतात आणि पावसाळ्यापूर्वी काढतात. ते तसेच राहिले तर पहिल्या लोंढ्यासोबत आलेली झाडे, जलपर्णी गाळ्यांत अडकते, पाणी बगलेने वाट काढते आणि काठची मळी (नदीकाठची गाळाची शेतजमीन) तुटते. भरल्या पाण्यात बरगा उपसणेही जड, कारण दाबामुळे खाचेत घर्षण वाढते. बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांचे पाणी एका पातळीला आले की तोच बरगा सहज निघतो.

सीमाभागात हे वेळापत्रक एकट्या कर्नाटकाच्या हाती नाही. दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण महाराष्ट्रात आहे, वेदगंगेवरचे पाटगावही. मलिकवाड–दत्तवाड बंधाऱ्याचे तर एक टोक चिक्कोडी तालुक्यात, दुसरे शिरोळ तालुक्यात. वरून विसर्ग कधी सुटणार, हे खालच्या माणसांना बरगे काढण्याआधी कळावे लागते.