मायक्रोकंट्रोलरला इन्फ्रारेड संपर्क मंडल जोडणे

डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाच्या लुकलुकण्यातून संदेश पाठवता-घेता यावा यासाठी मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे एकाच चिपमधल्या छोट्या संगणकाला, केलेली मंडलाची (सर्किटची) जोडणी. पाठवणाऱ्या बाजूला एक इन्फ्रारेड एलईडी आणि त्याला प्रवाह देणारा ट्रान्झिस्टर, घेणाऱ्या बाजूला तीन पायांचा रिसीव्हर, एवढाच पसारा. टीव्हीचा किंवा एसीचा रिमोट याच पद्धतीने चालतो. तारा जोडणे हे यातले सोपे काम आहे. खरी अडचण आहे ती आपला प्रकाश इतरांच्या प्रकाशातून वेगळा ओळखण्याची. मंडलातला जवळजवळ प्रत्येक भाग त्यासाठीच असतो.

रिमोटमधला एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश देतो. तोच प्रकाश सूर्याकडून आणि तापलेल्या तारेच्या दिव्याकडूनही भरपूर येतो. एलईडी नुसता चालू-बंद केला तर उजेडी खोलीत तो हरवून जातो. म्हणून तो चालू असतानाही सेकंदाला सुमारे ३८,००० वेळा लुकलुकवतात आणि रिसीव्हर फक्त त्या लयीला दाद देतो. या लयीला कॅरिअर म्हणतात. ३८ हा आकडा आला कुठून? ४५५ किलोहर्ट्झचे, म्हणजे सेकंदाला ४,५५,००० कंपने देणारे, सिरॅमिक रेझोनेटर स्वस्तात मिळत. त्या वारंवारतेला १२ने भागले की ३७.९ उरतात. ३६ आणि ४० किलोहर्ट्झचे रिमोटही आहेत. ३८च्या रिसीव्हरला तेही ऐकू येतात, पण जवळूनच.

टीएसओपी १७३८ किंवा टीएसओपी ३८२३८ यांसारख्या रिसीव्हरच्या काळ्या आवरणात फोटोडायोड (प्रकाश टिपणारा भाग), अ‍ॅम्प्लिफायर, ३८ किलोहर्ट्झपुरताच उघडा असलेला फिल्टर आणि कॅरिअर काढून टाकणारे मंडल असे सगळे बसवलेले असते. दिसायला काळे असलेले ते प्लास्टिक इन्फ्रारेडला पारदर्शक असते. बाहेर येणारा सिग्नल उलटा असतो, हे आधीच मनात पक्के करावे: काहीच येत नसताना पिन हाय (सप्लायच्या व्होल्टेजजवळ), आणि कॅरिअरचा झोत आला की लो (शून्याजवळ). प्रोग्रॅम पहिल्यांदा लिहिताना चूक बहुधा इथेच होते.

दुसरी चूक पायांच्या क्रमात होते, आणि ती महाग पडते. रिसीव्हरचा फुगीर घुमट आपल्याकडे करून धरल्यास १७३८चे पाय डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट असे येतात. ३८२३८चे आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. पाय दोन्हींना तीनच. एकाच्या जागी दुसरा बसवला तर सप्लाय भलत्याच पायावर जातो आणि रिसीव्हर जळू शकतो. म्हणून डेटाशीट उघडल्याशिवाय सोल्डर करू नये. १७३८ला ५ व्होल्ट लागतात, तर ३८२३८ हा २.५ ते ५.५ व्होल्टवर चालतो. कंट्रोलर ३.३ व्होल्टचा असेल तर ३८२३८च घ्यावा आणि त्यालाही ३.३च द्यावेत, कारण आउटपुट सप्लायच्या पातळीपर्यंत चढते आणि ५ व्होल्ट न सोसणारी पिन त्याने खराब होऊ शकते. सप्लायच्या तारेत १०० ओहमचा रेझिस्टर आणि रिसीव्हरच्या अगदी पायाशी ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. सप्लायमधली खरखर आत शिरली तर रिसीव्हर ती सिग्नल समजून खोटे झोत दाखवतो.

पाठवणाऱ्या बाजूला एलईडी थेट पिनला जोडला तरी तो चालतो, पण पल्ला हातभरच मिळतो. पिन २० मिलिअँपिअरच्या आसपास देते. खोली ओलांडायची तर १०० किंवा जास्त हवेत. म्हणून मधे २एन२२२२सारखा एनपीएन ट्रान्झिस्टर घालतात. हिशेब असा: सप्लाय ५ व्होल्ट, त्यातले सुमारे १.३५ एलईडीवर आणि ०.२ ट्रान्झिस्टरवर जातात, उरलेल्या ३.४५ला ०.१ अँपिअरने भागले की ३४.५ ओहम येतात. बाजारात मिळणारा जवळचा रेझिस्टर ३३ ओहमचा. ट्रान्झिस्टरच्या बेसला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पायाला, १ किलोओहम लावला तर साधारण ४ मिलिअँपिअर जातात. १०० मिलिअँपिअरसाठी एवढे चालतात. एलईडी कॅरिअरच्या प्रत्येक चक्रात एक तृतीयांश वेळच पेटवायची पद्धत आहे. त्यामुळे सरासरी प्रवाह कमी राहतो आणि झोताच्या क्षणी तो जास्त देता येतो.

कॅरिअर प्रोग्रॅममध्ये डिले (थांबे) देऊन बनवता येतो, पण मधेच एखादा इंटरप्ट, म्हणजे हातातले काम थांबवायला लावणारा इशारा, आला की लय बिघडते. हे काम टायमरकडेच द्यावे. १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या एटीमेगा ३२८पी या मायक्रोकंट्रोलरमध्ये टायमर सीटीसी मोडमध्ये (ठरलेला आकडा गाठला की शून्यापासून पुन्हा मोजण्याच्या पद्धतीत) ठेवून, प्रीस्केलर (घड्याळाची गती भागणारा आकडा) १ आणि तुलनेच्या रजिस्टरमध्ये २१० भरले, तर पिन ३७,९१५ हर्ट्झने उलटसुलट होते. ४५५ला १२ने भागून येणाऱ्या आकड्याच्या इतके जवळ जाणे सहसा साधत नाही. या मोडमध्ये मात्र एलईडी अर्धा वेळ पेटलेला राहतो. एक तृतीयांश हवा असेल तर पीडब्ल्यूएम मोड, म्हणजे पेटण्याचा वेळ वेगळा ठरवता येणारा मोड, वापरावा.

आता संदेशाची भाषा. सर्वांत जास्त भेटणाऱ्या, जपानच्या एनईसी कंपनीच्या पद्धतीत सुरुवातीला ९ मिलिसेकंदांचा झोत आणि ४.५ मिलिसेकंदांची शांतता असते. पुढे प्रत्येक बिटसाठी ५६२.५ मायक्रोसेकंदांचा झोत येतो. अर्थ असतो तो त्याच्या मागून येणाऱ्या शांततेत. ५६२.५ मायक्रोसेकंद शांतता म्हणजे शून्य, १६८७.५ म्हणजे एक. म्हणून प्रोग्रॅमने पिन सतत वाचत बसू नये. सिग्नल खाली आला की इंटरप्ट घ्यावा आणि आधीच्या उतारापासून किती वेळ गेला तेवढे टिपावे: १.१ मिलिसेकंद असेल तर शून्य, २.२५ असेल तर एक. पाव मिलिसेकंद इकडेतिकडे झाले तरी चालवून घ्यावे, कारण रिसीव्हर झोत थोडा लांबवतो किंवा आखडतो. बिट ३२: पत्ता (संदेश कोणत्या यंत्रासाठी), उलटा पत्ता (त्यातला प्रत्येक बिट उलटवून), आज्ञा, उलटी आज्ञा, प्रत्येकात सर्वांत कमी किमतीचा बिट आधी. आज्ञा ६९ असेल तर १०१०००१० असे बिट येतात आणि पाठोपाठ ०१०१११०१. हा दुसरा भाग म्हणजे १८६. दोन्हींची बेरीज २५५ आली नाही तर तो संदेश सरळ टाकून द्यावा. विस्तारित एनईसीमध्ये उलट्या पत्त्याच्या जागी मोठा पत्ता असतो, पण आज्ञेची तपासणी तशीच राहते. बटण दाबून धरले तर सारे पुन्हा येत नाही. ९ मिलिसेकंद झोत, २.२५ शांतता आणि एक छोटा झोत एवढेच येते.

फिलिप्सची आरसी-५ पद्धत ३६ किलोहर्ट्झवर, मँचेस्टर कोडिंगने (प्रत्येक बिटच्या मध्यावर होणारा बदल त्याचा अर्थ सांगतो) १४ बिट पाठवते. सोनीची पद्धत ४० किलोहर्ट्झवर चालते आणि अर्थ शांततेत नाही तर झोताच्या लांबीत ठेवते.

इर्डा हा इन्फ्रारेड संपर्काचा प्रकार वेगळाच. १९९३ साली स्थापन झालेल्या संघटनेने तो दोन यंत्रांमध्ये फाइल देवघेवीसाठी ठरवला. पल्ला सुमारे एक मीटर; कॅरिअर नाही. यूएआरटीच्या, म्हणजे बिट एकामागून एक पाठवणाऱ्या कंट्रोलरमधल्या भागाच्या, शून्य बिटसाठी बिटच्या ३/१६ वेळेएवढी चमक देतात, आणि मूळ प्रकारात वेग सेकंदाला १,१५,२०० बिटपर्यंत जातो. त्यासाठी वेगळा ट्रान्सीव्हर (पाठवणारा आणि घेणारा एकत्र भाग) लागतो. काही कंट्रोलरच्या यूएआरटीमध्येच हा मोड असतो. रिमोटचा रिसीव्हर इथे निरुपयोगी ठरतो, कारण ३८ किलोहर्ट्झची लय नसलेला प्रकाश तो पाहतच नाही.

काहीच चालत नसेल तर आधी एलईडी फोनच्या कॅमेऱ्यासमोर धरावा. जांभळट चमक दिसते. मागच्या कॅमेऱ्याला इन्फ्रारेड अडवणारी काच असेल तर पुढचा वापरून पाहावा. एलईडी चमकतो पण रिसीव्हर गप्प, तर बहुधा कॅरिअर न थांबता चालू ठेवलेला असतो. रिसीव्हरमधले स्वयंचलित नियंत्रण अखंड येणाऱ्या झोताला गोंगाट समजते आणि संवेदनशीलता उतरवते. वस्तू आडवी आली की कळावे म्हणून हाच रिसीव्हर लावून कॅरिअर सतत सोडणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. झोत छोटे ठेवून मधे पुरेशी उसंत द्यावी. इलेक्ट्रॉनिक चोक असलेल्या ट्यूबलाइटमुळेही पल्ला घटतो, कारण त्यांची लुकलुक याच वारंवारतेच्या आसपास असू शकते.

एकाच बोर्डावर एलईडी आणि रिसीव्हर दोन्ही असतील तर मधे अपारदर्शक आडोसा लावूनही भिंतीवरून परतलेला आपलाच संदेश ऐकू येतो. म्हणून पाठवताना घेण्याचा इंटरप्ट बंद ठेवावा आणि पाठवून झाल्यावर रिसीव्हर पुन्हा संवेदनशील होईपर्यंत काही मिलिसेकंद थांबून मगच तो उघडावा.