इद्रा: पाण्याच्या नावाचं कोरडं बेट
(ग्रीस सहलीला येणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी)

आपल्या सहलीत अथेन्सनंतरच्या दोन रात्री इद्रा गावात आहेत. ‘सँटोरिनी सोडून हे कुठलं बेट?’ असं नोंदणी करताना बरेच जण विचारतात, म्हणून हे चार शब्द. इंग्रजी नकाशा वाचून आपण ‘हायड्रा’ म्हणतो. तिथे ‘इद्रा’ म्हणा, बोटवाल्याला लगेच कळेल.

नाव पाण्यावरून आलेलं आहे. प्राचीन ग्रीक या बेटाला ‘इद्रेआ’ म्हणत, म्हणजे पाणथळ. आज मात्र उघडा खडक, खुरटी झुडपं आणि थोडे पाइन वृक्ष एवढंच दिसतं. गावात जुन्या घरांच्या अंगणाखाली टाकी खोदलेली आहेत. आपल्या गडांवर असतात तशीच, छपरावरचं पावसाचं पाणी साठवायला. पुढे कित्येक वर्षं मुख्य भूमीवरून बोटीने पाणी येई. आता समुद्राचं पाणी गोडं करतात. हॉटेलात नळ वाहता ठेवू नका, ही विनंती त्यासाठीच.

ग्रीसच्या दक्षिणेकडच्या पेलोपोनीज द्वीपकल्पाच्या किनाऱ्याला लागून पसरलेलं हे अरुंद बेट सुमारे ५० चौरस किलोमीटरचं आहे. सर्वांत उंच डोंगर, एरोस, ६०० मीटरच्या आतबाहेर. वस्ती जेमतेम दोन हजार, आणि जवळजवळ सगळी उत्तर किनाऱ्यावरच्या एका गावात. मधे बंदर आणि तिन्ही बाजूंनी पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढत गेलेली घरं. बोट वळण घेऊन आत शिरेपर्यंत गाव दिसतच नाही, तेव्हा त्या वेळी मोबाइलमध्ये डोकं घालून बसू नका.

प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या ग्रंथात बेटाचा एक मजेदार उल्लेख आहे. सामोस बेटावरून परागंदा झालेल्या लोकांनी समोरच्या किनाऱ्यावरच्या एर्मिओनी गावाकडून पैशांऐवजी हे बेट घेतलं आणि ते शेजारच्या ट्रीझेन गावाच्या हवाली करून ते पुढे निघून गेले. त्यांना इथे राहावंसं वाटलं नसावं! खरी वस्ती पंधराव्या-सोळाव्या शतकात झाली. ऑटोमन (तुर्की) सत्तेपासून दूर सरकत आलेले, अल्बेनियन बोली बोलणारे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती म्हणजे आर्वानिते, या खडकावर येऊन राहिले. शेती पिकेना, म्हणून माणसं समुद्रावर गेली. या गावात पुढे जे काही झालं, ते त्यातूनच.

१७७४ साली रशिया आणि ऑटोमन साम्राज्यात तह झाला आणि पुढे ग्रीक जहाजांना रशियन निशाण लावून काळ्या समुद्रात ये-जा करता येऊ लागली. मग नेपोलियनच्या लढाया पेटल्या. ब्रिटिश आरमाराने बंदरांची नाकेबंदी केली आणि भूमध्य समुद्रात धान्याचे भाव चढले. इद्राचे तांडेल ती नाकेबंदी चुकवून गहू पोहोचवत. जोखीम मोठी, नफा त्याहून मोठा. बंदराभोवतीचे करड्या दगडाचे वाडे त्या पैशाचे आहेत: बाहेरून गढीसारखे रुक्ष, आत रंगवलेली छतं.

१८२१ मध्ये ऑटोमन सत्तेविरुद्ध ग्रीसचं स्वातंत्र्ययुद्ध सुरू झालं तेव्हा हे धनिक लगेच उठले नाहीत; गमावण्यासारखं त्यांच्याकडेच जास्त होतं. आंदोनिस इकोनोमू नावाच्या कप्तानाने लोकांना चिथवून त्यांना भाग पाडलं. एकदा उतरल्यावर मात्र त्यांनी हात आखडता घेतला नाही. शंभराहून अधिक जहाजं युद्धात उतरवली आणि लाझारोस कुंदुरिओतिसने आपल्या संपत्तीचा मोठा वाटा युद्धात घातला. त्याचा पिवळसर वाडा आता संग्रहालय आहे, चढ असला तरी चुकवू नका. आरमारप्रमुख आंद्रेआस मिआउलिसही इथलाच. धक्क्यावरच्या दुसऱ्या संग्रहालयात त्याचं हृदय चांदीच्या पात्रात जतन केलेलं आहे. जूनअखेरीस त्याच्या स्मरणार्थ बंदरात नाव पेटवतात. आगीच्या जहाजांनी शत्रूचं आरमार जाळण्याच्या युक्तीची ती आठवण.

युद्ध जिंकलं, गाव मात्र रिकामं झालं. वाफेची जहाजं आली, अथेन्सचं पीरेअस बंदर वाढलं. उरलेले लोक समुद्रतळाचे स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जात आणि काही लुळे होऊन परतत, काही परतच येत नसत. गुड फ्रायडेच्या रात्री शेजारच्या कामिनी वस्तीत येशूची फुलांनी सजवलेली शवपेटी खांद्यावरून कमरेएवढ्या समुद्रात नेतात आणि समुद्रात गेलेल्यांसाठी प्रार्थना करतात. वसंतातल्या सहलीची तारीख ऑर्थोडॉक्स ईस्टर पाहून ठरवायची, तर त्या एका रात्रीसाठी ठरवावी असं आमचं मत आहे.

१९५० नंतर चित्रकार-लेखक येऊ लागले. कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेन याने १९६० साली १५०० डॉलरना इथे घर घेतलं. घर खासगी आहे. दारावर थाप मारू नये.

आता सामानाचं. माथेरान आठवा. इद्रात मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. कचरागाडीसारखा एखादाच अपवाद. बॅगा खेचरांवर जातात. चाकांच्या मोठ्या सुटकेसचा पायऱ्यांवर काही उपयोग नाही, म्हणून ती अथेन्सच्या हॉटेलात ठेवून लहान पिशवी घ्या. चपलेचा तळ गुळगुळीत नको, कारण इथले दगड दोनशे वर्षांत घासून काचेसारखे झाले आहेत. वाळूचा किनारा जवळ नाही; पोहणारे खडकावरून शिडीने उतरतात.

शाकाहारी मंडळींनी फावा (डाळीचं घट्ट वरण समजा), लिंबू पिळलेली उकडलेली पालेभाजी ‘होर्ता’ आणि टोमॅटोतले मोठे पावटे मागावेत. मेनूवर ‘निस्तीसिमो’ दिसलं तर तो उपवासाचा पदार्थ; पण त्यांच्या उपवासाला कोळंबी चालते, तेव्हा विचारूनच मागवा. बदामाची ‘अमिग्दालोता’ घरी न्यायला उत्तम.

पीरेअसहून जलद बोटीने दीड ते दोन तास लागतात. वारा वाढला की बंदर अधिकारी बोटी थांबवतात, मग कुणाचंच चालत नाही. परतीच्या विमानाआधीचा संपूर्ण दिवस आपण अथेन्समध्ये मोकळा ठेवला आहे, तो याच कारणासाठी.