समॅमिशला मुलांकडे निघालात? आधी गाव समजून घ्या

(अमेरिकेला मुलांकडे जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

व्हिसाच्या अर्जासाठी आमच्या कार्यालयात येणारे आईवडील "मुलगा सिअ‍ॅटलला असतो" असं सांगतात आणि पत्त्याच्या कागदावर समॅमिश लिहिलेलं असतं. ही दोन वेगळी शहरं आहेत, आणि त्यांच्यातला फरक तिकीट काढण्याआधी कळलेला बरा. उच्चारही आत्ताच घोटून ठेवा: स-मॅ-मिश, मधल्या अक्षरावर जोर. विमानतळावर अधिकाऱ्याने "कुठे राहणार?" विचारलं की पुष्कळजण इथेच अडखळतात.

सिअ‍ॅटलहून पूर्वेकडे निघालं की आधी लेक वॉशिंग्टन हा प्रचंड तलाव पुलावरून ओलांडायचा, मग बेलव्यू शहर लागतं, मग दुसरा तलाव येतो, लेक समॅमिश. त्याच्या पूर्व काठावरचं पठार म्हणजे तुमचं गाव. रस्त्याने साधारण तीस किलोमीटर. उत्तरेला रेडमंड, जिथे मायक्रोसॉफ्टचं मुख्यालय आहे, आणि दक्षिणेला इसक्वा. विमानतळ चाळीसेक किलोमीटरवर.

तलाव खाली, घर वर

खडकवासला, पाषाण, कात्रज हे आपले तलाव माणसांनी बांध घालून केलेले. हा तलाव बर्फाने कोरलेला आहे. शेवटच्या हिमयुगात, पंधरा-सोळा हजार वर्षांपूर्वी, उत्तरेकडून सरकत आलेल्या हिमनदीने हा सगळा भाग झाकला होता. आज जिथे सिअ‍ॅटल आहे तिथे बर्फाचा थर सुमारे ९०० मीटर जाड होता. त्या वजनाने उत्तर-दक्षिण लांबट घळी खरवडल्या गेल्या आणि मधली जमीन पठारासारखी उंच राहिली. घळीत पाणी साठलं तो तलाव: सुमारे ११ किलोमीटर लांब, दोनेक किलोमीटर रुंद, सगळ्यात खोल जागी ३२ मीटर. दक्षिणेकडून इसक्वा क्रीक हा ओढा त्यात येतो, उत्तरेकडून समॅमिश नदी बाहेर पडून लेक वॉशिंग्टनला मिळते.

हा भूगोल आम्ही एवढा लांबवतो त्याला कारण आहे. नकाशावर मुलाचं घर आणि तलाव यांत बोटभर अंतर दिसतं आणि मनात रोज संध्याकाळी काठावर फेरी मारायचं चित्र तयार होतं. पण वस्ती बहुतेक वर पठारावर आहे आणि पाणी शंभर-दीडशे मीटर खाली. म्हणजे पर्वतीपेक्षा जास्त चढ, आणि पायऱ्या नाहीत, रस्त्याने. आमचे एक ग्राहक पहिल्याच आठवड्यात उत्साहाने खाली उतरले आणि परत वर यायला मुलीला ऑफिसमधून बोलवावं लागलं. गुडघे त्यांचे चांगले होते, हे मुद्दाम सांगतो.

शिवाय काठ बहुतेक ठिकाणी खासगी आहे. घरांची मागची दारं थेट पाण्यावर उघडतात. सगळ्यांना मोकळा काठ हवा तर उत्तर भागातला समॅमिश लँडिंग हा छोटा बगीचा, दक्षिण टोकाचं लेक समॅमिश स्टेट पार्क (गाडी लावायला डिस्कव्हर पास हा परवाना लागतो), किंवा उत्तर टोकाचं रेडमंडचं मेरीमूर पार्क. मेरीमूरला क्रिकेटही चालतं, त्यामुळे आजोबांचा शनिवार तिथे जातो. काठाने रेडमंड ते इसक्वा अशी सुमारे १८ किलोमीटरची सपाट पायवाट आहे. एकेकाळी तिथे आगगाडीचा रूळ होता, म्हणून ती इतकी सपाट. कोणी गाडीने खाली सोडणार असेल तर चालायला यापेक्षा चांगली जागा नाही. आणि वर पठारावरच पाइन लेक, बीव्हर लेक अशी दोन लहान तळी बगीच्यांसकट आहेत. आमच्या मते रोजच्या फेरीला तीच खरी.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जाणार असाल तर इसक्वाला जरूर जा. समुद्रातून निघालेले सामन मासे दोन्ही तलाव पोहून पार करत जन्माच्या ओढ्यात अंडी घालायला परततात. गावाच्या मध्यात मत्स्यबीज केंद्र आहे, तिथे पुलावरून ते हातभर अंतरावर दिसतात. शाकाहारी मंडळींनाही हे दृश्य हलवतं.

माणसं किती आणि कोण

शहर म्हणून समॅमिश तरुण आहे. नगरपालिका स्थापन झाली १९९९ साली. त्याआधी काही दशकं मागे गेलं तर इथे जंगल, थोडी शेतं आणि विखुरलेली घरं होती. नाव मात्र जुनं, समॅमिश नदीकाठी राहणाऱ्या मूळ रहिवासी जमातीचं. २०००च्या जनगणनेत लोकसंख्या ३४,१०४ होती, २०१० मध्ये ४५,७८० आणि २०२० मध्ये ६७,४५५. शेवटची उडी मोठी दिसते, पण तिच्यातली जवळपास निम्मी वाढ कोणी घर न बदलता झाली: जानेवारी २०१६ मध्ये शेजारची क्लाहानी वसाहत, सुमारे अकरा हजार माणसांसकट, शहरात आली. पुण्यात गावं समाविष्ट होतात तसंच.

तरी गर्दी म्हणाल तर नाही. पुण्यात जेवढ्या जागेत कित्येक माणसं राहतात तेवढ्यात तिथे साधारण एक. रहिवाशांपैकी एक तृतीयांशाहून जास्त आशियाई वंशाचे आहेत आणि त्यांत भारतीय आणि चिनी सगळ्यात जास्त. बहुतेक घरं पस्तीस ते पन्नास वयाच्या नोकरदारांची, शाळेत जाणाऱ्या मुलांची. घर घेताना लोक आधी शाळा बघतात. शहराचे भाग वेगवेगळ्या शाळा-मंडळांत मोडतात, म्हणून समोरासमोरच्या दोन गल्ल्यांतली मुलं वेगळ्या शाळेत जाऊ शकतात.

तेव्हा गावात आपली माणसं भरपूर, पण सकाळी साडेआठनंतर रस्त्यावर चिटपाखरू नाही. मंडई नाही, चौक नाही, कट्टा नाही. गल्ल्या बहुतेक पुढे बंद होतात, त्यामुळे मागच्या अंगणातून ज्यांच्याशी बोलता येईल त्यांच्या दारापर्यंत जायला दोन किलोमीटर फिरून जावं लागतं. दक्षिणोत्तर जाणारा मुख्य रस्ता एकच, २२८ अ‍ॅव्हेन्यू. नगरपालिका, वाचनालय, दुकानं, बस, जवळपास सगळं त्याच्यावर किंवा त्याच्या आसपास. मुलाचं घर तिथून किती लांब, यावर तुमचा मुक्काम कसा जाणार हे ठरतं. पंधरा मिनिटांत पायी पोहोचता येत असेल तर वाचनालयात बसता येईल आणि आपल्यासारखेच बाबागाडी ढकलत निघालेले आजी-आजोबा भेटतील. वैदिक कल्चरल सेंटर हे इस्कॉनचं मंदिरही याच रस्त्यावर आहे. मराठी कार्यक्रमांसाठी सिअ‍ॅटल महाराष्ट्र मंडळ आहे, पण कार्यक्रम गावाबाहेर असतात, गाडी लागते. शहरात रेल्वे नाही. रेडमंडच्या मध्यवस्तीपर्यंत मे २०२५ पासून लाइट रेल (मेट्रोसारखी शहरी रेल्वे) आली आहे. तिथवर कोणी सोडलं तर बेलव्यूला आपलं आपण जाता येतं.

बारीकसारीक, पण कामाचं

मोठं हॉस्पिटल गावात नाही; जवळचं इसक्वाला. प्रवास विमा घेताना आम्ही तो पत्ता ग्राहकांना वेगळा लिहून देतो.

पाऊस ऑक्टोबर ते एप्रिल, पण आपल्यासारखा कोसळत नाही, नुसता भुरभुरतो, आणि आकाश महिनोन्‌महिने राखाडी राहतं. डिसेंबरात सव्वाचारला-साडेचारला अंधार पडतो. उलट जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो, जुलै-ऑगस्ट कोरडे आणि सुंदर. पहिलीच खेप असेल तर मे ते ऑक्टोबर अशी तिकिटं घ्या, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. ती महाग पडतात हे मान्य.

पठारावर उंचच उंच देवदारासारखी झाडं आणि त्यांच्यातून जाणाऱ्या विजेच्या तारा, त्यामुळे हिवाळी वादळात वीज जाते. नोव्हेंबर २०२४च्या वादळात या भागात काही घरं कित्येक दिवस अंधारात होती. टॉर्च आणि आठवड्याची औषधं हाताशी असू द्या. हरणं अंगणात येतात, काळी अस्वलंही अधूनमधून दिसतात. कचऱ्याचा डबा रात्री बाहेर ठेवायचा नाही, एवढं पाळलं की पुरे.

घरी फोन करताना: उन्हाळ्यात आपण त्यांच्या साडेबारा तास पुढे, हिवाळ्यात साडेतेरा.

पुढच्या वेळी कार्यालयात याल तेव्हा मुलाचा पूर्ण पत्ता घेऊन या. तलाव, २२८ अ‍ॅव्हेन्यू आणि जवळचा बसथांबा तिथून किती लांब आणि किती चढावर, हे आम्ही नकाशावर खूण करून देतो. त्याचे पैसे घेत नाही.