प्लाझ्मिड पाठवण्याआधी एक पाहा: ते कुठल्या सेल्समध्ये आहे?

आमच्याकडून कॉम्पिटंट सेल्स (बाहेरचं डीएनए आत घ्यायला तयार केलेले ई. कोलाय बॅक्टेरिया) नेणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते: ‘तुमच्या डीएच५-अल्फा फार सावकाश वाढतात, बीएल२१ बघा कशा भराभर येतात.’ (दोन्ही ई. कोलायच्याच जाती.) मिडिप्रेप, मॅक्सिप्रेप (सेल्समधून प्लाझ्मिड, म्हणजे छोटं गोल डीएनए, मोठ्या प्रमाणात वेगळं काढणं) करून घेणाऱ्यांची तक्रार वेगळी: ‘जेलवर एक बँड जास्तीचा दिसतोय.’ (जेलवर डीएनए आकारानुसार वेगवेगळ्या पट्ट्यांत दिसतं, त्या पट्ट्या म्हणजे बँड.) दोन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच जीन निघतो, रेक-ए. म्हणून हे पत्रक.

रेक-ए बिघडलेला ई. कोलाय १९६५ साली क्लार्क आणि मार्ग्युलिस यांनी शोधला. या जीनचं प्रोटीन डीएनएच्या एकेरी धाग्यावर बसतं आणि त्याच्याशी जुळणारा क्रम दुसरीकडे शोधून दोघांची गाठ घालून देतं. क्रोमोसोम तुटला की आधी रेक-बीसीडी हे एन्झाइम तुटक्या टोकापासून डीएनए उलगडत, खात सुटतं. वाटेत ‘काय’ (ग्रीक अक्षर आहे, प्रश्न नव्हे) हा जीसीटीजीजीटीजीजी असा आठ अक्षरांचा क्रम लागला की त्याचं वागणं बदलतं आणि ते धाग्यावर रेक-ए चढवतं. गोल प्लाझ्मिडला टोकं नसतात, पण त्यातल्या फटींवर रेक-एफ आणि त्याचे जोडीदार हेच काम करतात. थोडक्यात, रेक-ए शाबूत असेल तर तुमचं प्लाझ्मिडही त्याच्या तावडीत सापडतं.

तिथेच घोळ होतो. एकाच प्लाझ्मिडच्या दोन प्रती जुळून दुप्पट आकाराचा डायमर बनतो. जेलवर वर दिसणारा तो बँड पुष्कळदा हाच असतो, आणि आम्हाला फोन येतो ‘कंटॅमिनेशन आहे’ म्हणून. लेंटिव्हायरसच्या (पेशींत जीन पोचवायला वापरतात त्या व्हायरसच्या) प्लाझ्मिडचं दुखणं याहून वाईट. त्यात दोन्ही बाजूंना एलटीआर, म्हणजे एकसारखे लांब क्रम, असतात. ते आपसात जुळले की मधला सगळा भाग, म्हणजे तुम्ही घातलेला जीन (इन्सर्ट), गळून जातो. ओरिजिन (जिथून प्लाझ्मिडची प्रत बनायला लागते ती जागा) आणि अँपिसिलिनपासून वाचवणारा जीन मात्र मागे राहतो, त्यामुळे प्लेटवर कॉलनी छान येतात. प्लाझ्मिड लहान झालेलं असतं, म्हणून ते जोरातही वाढतं.

डीएच५-अल्फामध्ये रेक-ए१ हे रेक-ए निकामी करणारं म्युटेशन मुद्दाम ठेवलेलं आहे. तुटक्या डीएनएची दुरुस्ती बंद पडल्यामुळे या कल्चरमध्ये मेलेल्या पेशी बऱ्याच असतात, आणि वाढ मंद असण्याचं एक कारण तेच. सावकाश वाढणं हा आमच्या बॅचचा दोष नाही. रात्री उशिरा लावलेली प्लेट सकाळी नऊला रिकामी दिसली तर फेकू नका, दुपारपर्यंत थांबा. खात्री करून घ्यायची असेल तर डीएच५-अल्फा आणि बीएल२१ एकाच प्लेटवर स्ट्रीक करा (रेघा ओढून पसरवा), अर्धी प्लेट पुठ्ठ्याने झाका, उरलेल्या अर्ध्या भागावर काही सेकंद यूव्ही सोडा आणि प्लेट अंधारात वाढवा. यूव्ही लागलेल्या भागात डीएच५-अल्फा साफ झालेल्या दिसतील.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. बीएल२१ प्रोटीन बनवण्यासाठी आहे, प्लाझ्मिड सांभाळण्यासाठी नाही. तिच्यात रेक-ए चालू असतो, शिवाय एंड-ए हे डीएनए कापणारं एन्झाइमही असतं. तरीही एक्स्प्रेशन (प्रोटीन बनवून घेणं) झाल्यावर त्याच सेल्सचा ग्लिसरॉल स्टॉक, म्हणजे गोठवलेला साठा, होतो, तो दोन वर्षं फ्रीझरमध्ये राहतो, आणि एक दिवस ‘याचंच मॅक्सिप्रेप करून द्या’ म्हणून आमच्याकडे येतो. अशा स्टॉकमधलं डीएनए आधी डीएच५-अल्फामध्ये घालून नव्याने कॉलनी निवडावी लागते. त्यात आमचे दोन-तीन दिवस जातात, म्हणून त्याचे पैसे आम्ही वेगळे लावतो. लावू नयेत असं काही जणांना वाटतं. पण मूळ स्टॉक डीएच५-अल्फात ठेवला आणि बीएल२१मध्ये दर वेळी ताजं ट्रान्सफॉर्मेशन केलं (प्लाझ्मिड नव्याने आत घातलं), तर हा खर्च तुमच्यावर येतच नाही. एक ध्यानात ठेवा: डायमर एकदा डीएच५-अल्फात शिरला की तिथे तो डायमरच राहतो. म्हणून एकच कॉलनी उचलून चालत नाही, आम्ही चार-पाच तपासतो.

लेंटिव्हायरससाठी आम्ही एसटीबीएल३ (रेक-ए बिघडलेली आणखी एक जात) देतो आणि ३० अंशांवर वाढवायला सांगतो. या सेल्समध्ये एंड-ए चालू असतो, तेव्हा प्लाझ्मिड काढायच्या किटमधला जास्तीचा वॉश वगळू नका. रेक-ए नसला म्हणजे सगळं सुरक्षित, असंही नाही. अगदी जवळजवळचे छोटे रिपीट (पुन्हा पुन्हा येणारे सारखे क्रम) डीएनएची प्रतिकृती होताना घसरून गळतात, त्याला कुठल्याच सेल्स पुरत्या पडत नाहीत. नुसत्या इन्सर्टचं सिक्वेन्सिंग करून समाधान मानू नका, पूर्ण प्लाझ्मिडचं डायजेस्ट (एन्झाइमने कापून केलेले तुकडे) जेलवर पाहा. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मॅक्सिप्रेपसोबत तो फोटो असतो.

ट्यूबवर प्लाझ्मिडचं नाव, सेल्सचं नाव आणि अँटिबायोटिक, एवढं पुसलं न जाणाऱ्या पेनने लिहा. शक्य असेल तर स्टॉकऐवजी सुकवलेलं डीएनएच पाठवा. मे महिन्यात कुरियरच्या गाडीत तेच टिकतं.